पाव दर काही दिवसांनी बसतो: यीस्टला ताण कुठे येतोय ते शोधायचा क्रम

आधी लक्षणं बघा. यातली दोन-तीन एकत्र दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

- एरवी तासाभरात दुप्पट होणारं पीठ दीड-दोन तास घेतं. तेही रोज नाही. चार दिवस नीट, मग दोन दिवस खराब, पुन्हा नीट.
- पीठ फुगतं, पण हाताला सैल आणि चिकट लागतं. गोळे ट्रेमध्ये वर चढायच्या ऐवजी आडवे पसरतात.
- भट्टीत गेल्यावर पहिल्या काही मिनिटांत जी उसळी मिळायला हवी ती मिळत नाही. लादी चपटी, आतून दाट.
- यीस्ट वाढवलं की काम भागतं, पण पावाला उग्र वास येतो आणि पीठ आणखी सैल पडतं.
- घरी खमीर सांभाळणाऱ्यांसाठी: बरणीत वर राखाडी पाणी सुटतं, नेलपॉलिशसारखा वास येतो आणि पीठ-पाणी घातल्यावर खमीर पूर्वीच्या निम्मंच चढतं.

कोल्हापूर, कागल, इचलकरंजी या पट्ट्यातल्या छोट्या बेकऱ्यांत आणि घरून ब्रेड करणाऱ्यांकडे हा बिघाड मी वारंवार काढत आलोय. गेल्या गेल्या कानावर पडणारं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "दादा, यीस्टच जुनं आलंय बघा." मग पुरवठादाराशी भांडण, पाकीट बदल, आठवडाभर बरं, आणि पुन्हा तेच. रविवारी सकाळी मिसळवाल्याला ब्रेड वेळेत गेला नाही की गिऱ्हाईक तुटतं. म्हणून घाईघाईत यीस्ट दुप्पट टाकलं जातं आणि मूळ कारण तिथंच राहतं.

यीस्ट "जुनं होतं" म्हणजे काय हे समजून घेतलं तर तपासणीचा क्रम आपोआप कळतो, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

यीस्टची पेशी दोन तऱ्हेनं म्हातारी होते. पहिली तऱ्हा पिल्लं देण्याची. आई-पेशीला कोंब फुटतो, तो वाढून सुटा होतो आणि आईच्या अंगावर एक वण राहतो. १९५९ साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या दोघांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका आई-पेशीची पिल्लं वेगळी करत मोजली. एक पेशी सरासरी पंचवीसेक पिल्लं देते आणि थांबते, हे त्यातून दिसलं. पण खराब झालेली प्रथिनं आणि इतर कचरा बराचसा आईकडेच राहतो, पिल्लू बहुतांशी कोरं निघतं. वाढत्या पिठात कोणत्याही क्षणी निम्म्याच्या आसपास पेशी अशा नव्या कोऱ्या असतात, कारण प्रत्येक फेरीत जितक्या आया तितकी पिल्लं. त्यामुळे पिल्लं देऊन देऊन अख्खं पाकीट म्हातारं झालं, असं बेकरीत घडत नाही.

दुसरी तऱ्हा वाट बघण्याची. अन्न संपलेलं, अंगावर उष्णता किंवा आंबटपणा, आणि पेशी न वाढता नुसती तग धरून आहे. इथे सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही जणी अन्न संपायच्या आधीच ट्रेहॅलोज नावाची साखर आणि ग्लायकोजेन भरून घेतात, घरोघरी पावसाळ्याआधी बेगमी करतात तसं, आणि शांत पडून राहतात. यात तरुण पिल्लंच जास्त. बाकीच्या तशाच उघड्यावर राहतात आणि आधी मरतात. कोरड्या यीस्टमध्ये ट्रेहॅलोज कोरड्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर असतं. त्याच्या जोरावरच ते वाळवलं तरी जगतं.

बेकरीतला बिघाड जवळजवळ नेहमी या दुसऱ्या तऱ्हेचा असतो. यीस्टची बेगमी कुठेतरी वाया जाते, आणि बहुतेक वेळा ती तुमच्या दारात माल आल्यानंतर जाते. कुठे ते आता बघू. सोपं आणि फुकटचं आधी.

दोन कपांची चाचणी

दोन कप घ्या. प्रत्येकात १०० मिली पाणी, ३८ ते ४० अंश सेल्सिअस. चमचाभर साखर. एका कपात सध्या वापरात असलेल्या उघड्या पाकिटातलं चमचाभर यीस्ट, दुसऱ्यात त्याच कंपनीच्या न फोडलेल्या पाकिटातलं तेवढंच. दहा मिनिटं हात लावू नका.

चांगलं यीस्ट आधी तळाशी बसतं, मग एक-एक गुठळी वर येते, फुटते आणि तिथून तपकिरी फेस पसरतो. दहा मिनिटांत बोटभर साय धरल्यासारखा जाड थर आला पाहिजे. थकलेल्या कपात पाणी नुसतं गढूळ होतं, कडेला बारीक बुडबुडे, मध्ये काही नाही.

या चाचणीनं वाट दोन भागांत फुटते, म्हणून ती पहिली. दोन्ही कप जोरात असतील तर यीस्टला दोष देणं सोडा, ताण तुमच्या पिठात किंवा पाण्यात आहे. उघडं पाकीट मंद आणि बंद पाकीट जोरात असेल तर ताण साठवणीत आहे. दोन्ही मंद असतील तरच पुरवठादाराला फोन करा आणि दोन्ही कपांचा फोटो पाठवा. फोटो असला की बोलणं लवकर मिटतं.

दोन्ही जोरात असतानाही पाव बसत असेल तर सरळ पुढच्या भागावर जा.

काय कशावर पडतंय

यालाही पैसे लागत नाहीत, फक्त सकाळी मिक्सरपाशी उभं राहायचं. कामाला नवीन पोरगा असेल तर तो मीठ, साखर, यीस्ट एकाच डब्यात मोजून ठेवतो आणि ते अर्धा तास तसंच पडून राहतं. ओल्या यीस्टच्या बाबतीत हे फार वाईट. मीठ आणि साखर पेशीतलं पाणी बाहेर ओढतात. त्याला तोंड द्यायला पेशी आतमध्ये ग्लिसरॉल तयार करते आणि तेवढा वेळ फुगवण्याचं काम थांबतं. मीठ मैद्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि यीस्ट मैद्यात मिसळल्यावरच घाला.

गोड बनमध्ये साखर मैद्याच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की साधं यीस्ट दमतं. गोड पिठासाठी वेगळं यीस्ट मिळतं, ते घ्या. साध्याचंच प्रमाण वाढवत बसू नका.

आपल्याकडचा खास मुद्दा गुळाचा. गुळाचा पाव, गुळाचा बन आता बरेच जण करतात, आणि नेमका त्याच घाण्याचा (एका वेळी मळलेल्या पिठाचा) माल अधूनमधून बसतो. गुळातल्या साखरेचा दाब असतोच, पण काही गुऱ्हाळांत गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रसात हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घालतात. त्यातून गुळात सल्फाइट उरू शकतं. सल्फाइट यीस्टला दाबतं. वाईन करणारे नको त्या यीस्टला आवरायला तेच वापरतात. शंका आली तर एकाच मैद्याचे दोन छोटे गोळे मळा, एकात गूळ, एकात तेवढीच साखर, आणि शेजारी शेजारी ठेवा. गुळाचा गोळा बराच मागे राहिला तर गूळ बदला. रानभेंडीनं मळी काढलेला, गडद रंगाचा गूळ घेऊन बघा. मला स्वतःला बनसाठी तोच आवडतो, चवही त्याचीच चांगली.

दालचिनी, लवंग थेट पिठात जात असतील तर तीही यीस्टला जड जातात. मसाला सारणात ठेवा.

थर्मामीटर

टोचायचा डिजिटल थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत काय, ऑनलाइन काय, कुठूनही घ्या, पण घ्या. "चार दिवस बरं, दोन दिवस खराब" या तक्रारीचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा मला इथे सापडलंय.

मळून झाल्यावर पिठाच्या पोटात टोचा. २६ ते २८ अंश हवेत. कोल्हापुरात डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १५ अंशाच्या आसपास असतं आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी ३६ ते ३८ जातं. वर्षभर एकाच नळाच्या पाण्यानं मळलं तर पीठ कधी २२ ला निघणार, कधी ३४ ला. पाणी किती गरम-गार घ्यायचं याचा हिशेब असा: हवं असलेलं तापमान गुणिले तीन, त्यातून खोलीचं, मैद्याचं आणि मिक्सरच्या घर्षणाचं तापमान वजा करा. घर्षण तुमच्या मिक्सरप्रमाणे बदलतं, उदाहरणाला ८ धरू. हवं असलेलं तापमान २७ धरलं तर त्याची तिप्पट ८१.

उन्हाळा: ८१ − ३६ − ३४ − ८ = ३ अंश. म्हणजे बर्फ लागणारच.
हिवाळा: ८१ − १७ − १७ − ८ = ३९ अंश. म्हणजे चांगलं कोमट पाणी.

आता बर्फाचा धोका नीट समजून घ्या, कारण चिकट पिठाचं मूळ बऱ्याचदा त्यात असतं. वाळलेल्या पेशीचं आवरण सुरकुतलेलं असतं. पाणी मिळाल्यावर ते पुन्हा सरळ व्हायला काही क्षण लागतात आणि त्या क्षणांत ते गळकं असतं. कोमट पाण्यात ते लवकर सावरतं. बर्फाच्या पाण्यात सावरत नाही आणि पेशीतला माल बाहेर झिरपतो. त्यात ग्लुटाथायोन असतं, आणि ते मैद्याचे चिवट धागे सैल करतं. म्हणजे यीस्ट मरतं आणि मरता मरता पीठही बिघडवतं. म्हणूनच मेलेल्या यीस्टची भरपाई जास्त यीस्टनं करायला गेलं की पीठ आणखी पसरतं.

उपाय: उन्हाळ्यात मैदा आणि बर्फाचं पाणी आधी मिनिटभर फिरवून घ्या, मगच इन्स्टंट यीस्ट टाका. दाणेदार यीस्ट असेल तर त्याच्या दहापट वजनाच्या ४० अंशाच्या पाण्यात दहा मिनिटं वेगळं भिजवा आणि ते पाणी हिशेबात धरा. उलट टोकाला, ४५ अंशांच्या वर पाणी गेलं की पेशींना इजा व्हायला लागते, आणि ५५ ते ६० ला खेळ संपतो. "बोटाला सोसतं" हे माप भट्टीवर काम करणाऱ्याच्या बोटाचं असेल तर त्यावर विसंबू नका. त्या बोटांना बरंच सोसतं.

फ्रिज

ओलं यीस्ट म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी असलेल्या जिवंत पेशी. ते १ ते ४ अंशांत ठेवलं तर तीनेक आठवडे चांगलं राहतं. त्याहून जास्त तापमानात ठेवलं की पेशी जाग्या होतात, स्वतःचीच बेगमी खातात आणि त्यातून उष्णता सुटते, म्हणजे वडी आतून आणखी गरम होते. बाहेरचा रंग बदलायच्या आत आतला जोर गेलेला असतो. वडी मोडून बघा: कट्कन तुटली आणि आत फिकट, कोरडी असेल तर ठीक. मळकट तपकिरी, बोटाला लिबलिबीत, वास कुजका असेल तर टाकून द्या.

बऱ्याच ठिकाणी यीस्ट फ्रिजच्या दारात असतं. दूध, अंडी, लोणी काढायला ते दार दिवसभर उघडत राहतं. थर्मामीटर रात्रभर तिथेच ठेवा, दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दीच्या वेळीही बघा. मागच्या भागात खालच्या कप्प्यात जागा बदलली की अर्ध्या बेकऱ्यांचा प्रश्न तिथेच मिटतो. वीज जाण्याची वेळ ठरलेली असेल तर ओलं यीस्ट तेवढा वेळ थर्माकोलच्या डब्यात हलवा, पण बर्फाला थेट टेकवू नका. गोठलेलं ओलं यीस्टही वाया जातं.

कोरड्या यीस्टचं पाकीट फोडल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या पावसाळ्यात उघडं पाकीट मिक्सरशेजारी ठेवणं म्हणजे त्याला रोज थोडी थोडी ओल पाजणं. ओल मिळाली, खायला नाही, पुन्हा वाळलं: यापेक्षा वाईट ताण नाही.

उठवलेलं यीस्ट परत झोपवू नका

हा मुद्दा फारसं कोणी सांगत नाही. यीस्टला साखर मिळाली की काही मिनिटांतच ते साठवलेलं ट्रेहॅलोज मोडायला लागतं, कारण आता वाढायचं असतं, तग धरायचा नसतो. त्याबरोबर थंडी-गरमी सोसायची ताकदही उतरते. रात्रीचं पीठ मळून, तासभर फुगू देऊन, मग डीप फ्रीझरमध्ये टाकलं की त्या सगळ्या पेशी नेमक्या नाजूक अवस्थेत गोठतात. पीठ गोठवायचंच असेल तर मळल्या मळल्या, फुगायच्या आत गोठवा. नुसतं फ्रिजमध्ये ठेवायचं असेल तर पातळ थर करून लवकर गार करा. मोठा गोळा मध्यभागी तासन् तास गरमच राहतो.

आज फुगवलेलं पीठ उद्यासाठी गोठवून ठेवणाऱ्यांकडे "चार दिवस बरं, दोन दिवस खराब" यामागे हेच असतं. पाव बसलेले दिवस आणि रात्री उरलेलं पीठ वापरलेले दिवस कॅलेंडरवर शेजारी मांडून बघा.

पाणी

पावसाळ्यात पंचगंगेला गढूळ पाणी आलं की नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास जास्त जाणवतो. पावात त्यानं फार फरक पडत नाही, खमिरात मात्र पडतो. बादलीभर पाणी उकळून गार करा, त्यानं एक घाणा मळा आणि नेहमीच्या पाण्याच्या घाण्याशी तुलना करा. फरक नसेल तर पाण्याचा विषय सोडा.

घरचं खमीर

इथे नुसतं यीस्ट नाही, वस्ती आहे. यीस्ट आणि आंबवणारे बॅक्टेरिया शेजारी राहतात. जुन्या खमिरांत अशी जोडी सापडते की बॅक्टेरिया माल्टोज खातात आणि यीस्ट त्याला हात लावत नाही, म्हणून भांडण होत नाही. खमिरातल्या अशा एका नेहमीच्या यीस्टची वाढ २७ अंशांच्या आसपास सर्वात चांगली होते आणि ३६ ला थांबते. तिच्या जोडीदार बॅक्टेरियाला ३२ च्या आसपासची ऊब मानवते. म्हणजे मे महिन्यात ओट्यावर ठेवलेल्या बरणीत बॅक्टेरिया पळत असतात आणि यीस्ट धापा टाकत असतं. आंबटपणा वाढतो, अन्न दुपारीच संपतं आणि उरलेला दिवस यीस्ट उपाशी, ॲसिडमध्ये बसून काढतं.

उपाशी पेशी स्वतःच्याच आतले जुने भाग मोडून त्यावर दिवस काढते. योशिनोरी ओसुमी यांनी ही प्रक्रिया यीस्टमध्ये उलगडली आणि त्यासाठी त्यांना २०१६ चं नोबेल मिळालं. त्यामुळे राखाडी पाणी सुटलेलं खमीर मेलेलं नसतं, घाई करून टाकू नका.

दुरुस्ती: वरचं पाणी ओतून द्या. एक चमचा खमीर, पाच चमचे पीठ, पाच चमचे पाणी, दिवसातून दोनदा. निम्मं मैदा, निम्मं गव्हाचं पीठ चालतं. बरणी घरातल्या सर्वात गार कोपऱ्यात, माठाशेजारी पाण्याच्या परातीत ठेवा. पहिल्या दोन वेळांना काहीच दिसणार नाही, कारण शांत पडलेल्या पेशींना जागं व्हायला वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून फरक दिसला पाहिजे. एकास-एक प्रमाणात घालत राहिलात तर जुना आंबटपणा तसाच पुढे जातो, आणि "रोज खायला घालतेय तरी मरतंय" ही तक्रार तिथूनच येते.

गुलाबी किंवा केशरी छटा दिसली, केसाळ बुरशी आली, तर वरचं काढून वाचवत बसू नका. बरणीसकट रिकामं करा.

सूक्ष्मदर्शक

इथवर सगळं तपासूनही उत्तर नसेल तर मायक्रोबायोलॉजी शिकवणाऱ्या कॉलेजात कोणी ओळखीचं असेल तर त्यांना विचारा. यीस्टचा थेंब, मिथिलीन ब्लूचा थेंब, आणि चारशेपट मोठं करून बघायचं. जिवंत पेशी रंग आत येऊ देत नाही किंवा आलेला उडवून टाकते, ती पांढरी दिसते. मेलेली निळीगर्द. शंभरात निळ्या किती, हे मोजलं की पाकिटाबद्दलचा वाद कायमचा संपतो.

कधी थांबून माणूस बोलवायचा

फ्रिज रिकामा करून, दार घट्ट बंद ठेवूनही रात्रभरात ५ अंशांच्या खाली येत नसेल तर मेकॅनिक बोलवा. गॅस आणि कॉम्प्रेसरला स्वतः हात लावू नका. ओल्या जमिनीवर मिक्सरचा किंवा प्रूफरचा (पीठ फुगवायच्या कपाटाचा) शॉक जाणवला तर मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत काम थांबवा.

दोन वेगवेगळ्या पाकिटांचं यीस्ट कपात जोरात, तापमान बरोबर, तरी पीठ सैल असेल तर शंका मैद्यावर घ्या. गहू पावसात भिजून मोड आलेला असेल तर त्यातले एन्झाइम पीठ पातळ करतात. हे घरी मोजता येत नाही. गिरणीकडे त्या लॉटचा फॉलिंग नंबर (या एन्झाइमचा जोर दाखवणारा आकडा) मागा, किंवा नमुना धान्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या.

आणि एक गोष्ट यीस्टची समजून अंगावर काढू नका. ब्रेड दुसऱ्या दिवशी आतून ओलसर चिकट, पिकल्या खरबुजासारखा वास, तुकडा ओढला की बारीक तार निघते: हा बॅसिलस बॅक्टेरिया. त्याचे बीजाणू भट्टीतही मरत नाहीत, कारण पावाच्या पोटात तापमान १०० अंशांच्या आतच राहतं. त्या दिवसापासून विक्री बंद, तयार माल नष्ट, आणि अन्न-सूक्ष्मजीव तपासणाऱ्या प्रयोगशाळेला बोलावून मैदा, मिक्सर, टेबल, ट्रे सगळ्यांचे नमुने द्या. त्यांना सांगायला लॉट नंबर, मळल्याची तारीख आणि पिठाचं तापमान लिहून ठेवलेलं असू द्या.